धुराड्यातलं पोतं

त्याला सगळे ‘धसका’ म्हणायचे. दूध न्यायला येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरने हे नाव ठेवलं, आणि ते असं चिकटलं की रागावली की बायकोही तेच वापरायची. नावात खोटं काही नव्हतं. वारा सुटला की त्याला गोठ्याचे पत्रे उडताना दिसायचे, आणि वारा पडला की हे काही लक्षण बरं नाही म्हणून तो पुन्हा बाहेर जाऊन आभाळ बघून यायचा. पण दुसऱ्याचं शेत सांभाळायला असाच माणूस लागतो. मालक दूर शहरात राहायचा. शेत, गोठा, मोठं घर आणि या सगळ्याची काळजी तो मागे ठेवून गेला होता, आणि त्यातली काळजी तर धसक्याने अगदी स्वतःची करून टाकली होती.

हिवाळा आला की त्याच्या जिवाला घोर लागायचा. नळ गोठून फुटू नयेत म्हणून तो मोठ्या घरातलं पाणी काढून टाकायचा, बाहेरच्या पाइपांना पोत्याचे तुकडे आणि जुने स्वेटर गुंडाळायचा. छपरावर बर्फ साचला की लांब दांड्याच्या फावड्याने खालूनच ओढून काढायचा. गाईंच्या पाण्याच्या टाकीवर रात्री जमलेली बर्फाची खापरी सकाळी कुऱ्हाडीच्या पाठीने फोडायची, मग मोठं घर उघडून खोल्याखोल्यांतून फिरायचं, खिडक्यांच्या कड्या हाताने चाचपायच्या, उंदराचे सापळे बघायचे, आणि कुलूप लावून, ते ओढून, दोन पावलं गेल्यावर परत येऊन पुन्हा ओढून बघायचं. किल्ल्यांचा जुडगा कोटाच्या खिशात असायचा आणि बोलता बोलता त्याचा हात तिकडे जायचा.

नवराबायको राहायची गोठ्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत. भिंती पातळ, दाराखालून वारा, आणि विजेचा हीटर असा की फक्त स्वतःपुरता गरम व्हायचा. बायकोला खोकला होता. थंडी वाढली की तो छातीत उतरायचा. मोठ्या घरात मात्र बैठकीच्या खोलीत भली दणकट लोखंडी शेगडी होती. दर हिवाळ्यात बायको एकदा तरी म्हणायची, दुपारी तासभर तिथे शेकत बसू, कोण येतंय बघायला. तो कानाला हात लावायचा. मालकाने मनाई केली होती का? नव्हती. पण परवानगी तरी कुठे दिली होती? शिवाय धुराडं रस्त्याच्या वळणावरून स्वच्छ दिसायचं. धूर दिसला की लोक म्हणणार, राखणदार मालक होऊन बसला. मग ते मालकाच्या कानावर जाणार, मग नोकरी जाणार, आणि या वयात दोघांनी जायचं कुठे? तो इथपर्यंत पोचला की बायको म्हणायची, राहू दे, नको तिथे जायला.

त्या धुराड्याचंही एक तंत्र होतं. मालक नसताना पाखरं आत शिरू नयेत, बर्फ पडू नये, म्हणून थंडीच्या आधीच तो वर चढून धुराड्याच्या तोंडात पेंढा भरलेलं पोतं ठासायचा. मालक न सांगता टपकला तर थंडीत कुडकुडायला नको, म्हणून शेगडीत लाकडं रचून, वर काडेपेटी ठेवलेली असायची. आणि पोतं विसरून कुणी ती पेटवू नये म्हणून शेगडीच्या मुठीला तांबडं फडकं बांधलेलं असायचं. फडकं आहे तोवर काडी ओढायची नाही, हे बायकोलाही ठाऊक होतं आणि मालकालाही. धुराडं बंद असताना शेगडी पेटली तर धूर सगळा खोलीत, आणि धुराआधी तो न दिसणारा वायू. पूर्वी शेजारच्या शेतावर एक म्हातारा खुर्चीत बसल्या बसल्या गेला होता. त्याला उचलणाऱ्यांत धसकाही होता.

या वर्षी मालकाने फोनवर सांगितलं, एखाद्या दिवशी चक्कर मारीन, धुराडं उघडून ठेवा. धसक्याने शिडी लावली, अर्ध्यावर गेला, छपरावरचा काचेसारखा बर्फ बघितला आणि खाली आला. ऊन पडू दे, मग बघू. बायकोने विचारलं, उघडलंत का? तिने भित्रट म्हणू नये एवढ्यासाठी तो म्हणाला, उघडलं. फडकं तर मुठीला होतंच, त्यामुळे त्याला त्यात काही मोठं वाटलं नाही.

मग ती सकाळ आली. तो बैठकीत कड्या चाचपत होता, तेवढ्यात अंगणातून बायकोची हाक आली. वासरू बर्फावर घसरून पडलं होतं, पुढचा पाय वाकडा झाला होता. बांधायला काय घ्यावं म्हणून त्याने इकडेतिकडे बघितलं, मुठीचं फडकं ओढलं आणि धावत सुटला. लाकडाच्या दोन पट्ट्या लावून पाय बांधला, वरून पोतं गुंडाळलं. इतक्यात वळणावर दुधाचा ट्रक येऊन थांबला. गुरांच्या डॉक्टरकडून औषध आणायला तो तसाच धावत जाऊन त्यात चढला. निघताना बायको खोकत खोकत दारात उभी होती. तिने हात हलवला, त्याचं लक्ष वासराकडे होतं.

डॉक्टरने औषध दिलं, पाय मोडलेला नसावा म्हणाला. धसक्याला हायसं वाटलं, आणि सवयीने हात खिशात गेला. खिसा रिकामा होता.

त्याने दुसरा खिसा बघितला. मग त्याला आठवलं. जुडगा मोठ्या घराच्या दारालाच लोंबकळत होता. दार सताड उघडं होतं. आणि मुठीला फडकं नव्हतं. बायको खोकत होती, नवरा घरात नव्हता, आणि धुराडं उघडलंय असं त्याने स्वतःच्या तोंडाने तिला सांगितलं होतं.

फोन करावा तर दोघांत एकच, तोही त्याच्या कोटात. ड्रायव्हरचे रिकामे कॅन चढवायचे राहिले होते. धसक्याने ते स्वतः भराभर चढवले आणि नुसतं म्हणाला, चल. ड्रायव्हरने चेष्टा केली, आता काय, आभाळ पडतंय का? पण त्याचा चेहरा बघून तो गप्प बसला आणि निसरड्या रस्त्यावर जमेल तेवढा ट्रक पळवला. धसका काचेतून पुढे बघत राहिला. आजवर त्याने हजार गोष्टींची भीती घेतली होती. पत्र्यांची, नळांची, मालकाची, लोकांच्या तोंडाची. एकदाही ही भीती त्याच्या डोक्यात आली नव्हती, आणि आता तिच्याशिवाय डोक्यात दुसरं काही नव्हतं.

वळणावर ट्रक थांबला. पुढच्या वाटेवर बर्फ होता, तिथे तो जात नसे. त्याने मान वर करून धुराडं बघितलं. धूर नव्हता.

इतकी वर्षं याच जागी धूर दिसला नाही की त्याचा जीव भांड्यात पडायचा. आज धूर नव्हता म्हणून त्याला रडू फुटलं. शेगडी पेटली नसली तरी धूर दिसणार नव्हता, आणि पेटली असली तरी दिसणार नव्हता. तो धावला. दोनदा पडला, औषधाची बाटली कुठेतरी बर्फात गेली. अंगणातून मोठ्या घराकडे बायकोच्या पावलांचे ठसे गेले होते. परत आलेले नव्हते.

बैठकीचं दार लोटलेलं होतं. त्याने ते खांद्याने ढकललं.

खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात, मालकाच्या खुर्चीत ती बसली होती. अंगाभोवती रजई, मान एका बाजूला कललेली. मांडीवर काडेपेटी. गुडघ्यांवर पडून त्याने तिचा गाल धरला. गाल थंडगार होता.

“अहो, हात किती गार आहेत तुमचे,” ती दचकून म्हणाली, आणि खोकली.

तो खोकला ऐकून तो तिथेच फरशीवर बसला. शेगडीतली लाकडं रचली होती तशीच होती. ती घाबरली, वासराचं काही झालं का विचारू लागली. त्याने मानेनेच नाही म्हटलं.

“पेटवली का नाहीस?” एवढंच तो म्हणाला.

तिला वाटलं, आता हे रागावणार. ती ओशाळली. दार उघडं दिसलं, ऊन आत आलेलं दिसलं, म्हणून जरा बसले, म्हणाली. काडी दोनदा हातात घेतली होती.

“मग?”

“मग काय. वळणावरून तुम्हाला धूर दिसला असता. तिथून इथवर यायचं, तेवढ्यात जीव गेला असता तुमचा. म्हटलं, नको. उन्हात बसू.”

त्याने तिच्या मांडीवर डोकं टेकलं आणि लहान पोरासारखा रडला. मग सगळं सांगितलं, पोतं, शिडी, खोटं, फडकं. ती ऐकत राहिली. काडेपेटी तिने हळूच उचलून लांब खिडकीत ठेवली. मग ती म्हणाली, “शिडी कुठे आहे? मी धरते.”

तो छपरावर चढला. घसरायची भीती वाटतच होती, पण खाली ती शिडी धरून उभी होती आणि खोकत होती, म्हणून तो चढला. पोतं उपसून त्याने खाली अंगणात फेकलं. मग आत येऊन स्वतःच्या हाताने काडी ओढली, शेगडी चांगली तापेपर्यंत दारखिडक्या उघड्या ठेवल्या, आणि तिला खुर्चीसकट जवळ सरकवलं.

औषध शोधायला तो वाटेवर परत गेला. बाटली वळणाजवळच सापडली. उठता उठता वर नजर गेली. धुराड्यातून जाड धूर निघत होता, अख्ख्या रस्त्याला दिसेल असा. सवयीने त्याच्या छातीत धस्स झालं. आता मालकाला कोण सांगणार, कधी सांगणार, सगळं डोक्यात येऊन गेलं. तो घाबरलेलाच होता. घाबरत घाबरतच तो धूर बघत चालू लागला, कारण धूर निघतोय तोवर आत ती उबेत बसलेली होती.