सोनकीची गौर

भिवंडीला, टेमघरच्या आमच्या चाळीत समोर एक काकू एकट्याच राहतात. काही बोलल्या की शेवटी "हाय का न्हाय?" विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढचं सुरू करतात.

सगळ्यांच्या गौरी तेरड्याच्या. काकू मात्र दिघाशीच्या माळावरची पिवळी सोनकी आणून तिलाच गौर मानतात. यंदा तिसऱ्या दिवशी आम्ही गौरी बोळवल्या, त्यांनी नाही. परवा गेले तर सोनकी तांब्यातच होती. फुलं सुकून त्यांची कापसासारखी म्हातारी झालेली. उकाडा असह्य होता. मी पंख्याच्या बटणाकडे हात नेला, तसं काकूंनी माझं मनगट धरलं.

"नको गं, उडून जाईल ती. माहेराला आलीय, राहू दे अजून. हाय का न्हाय?"

या वेळी मात्र मनगट न सोडता त्या उत्तराची वाट बघत राहिल्या.