दुसरी प्रत

दवाखान्याच्या तपासणी विभागातला सर्व्हर सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे 'प्रतवाले काका' म्हणत. सर्व्हरवरच्या लिनक्स प्रणालीतल्या सेटिंगच्या कुठल्याही फाइलला हात लावण्याआधी ते तिची प्रत काढत, नावापुढे त्या दिवसाची तारीख लावत आणि मगच मूळ फाइल उघडत. बदल फसला तर प्रत जागेवर ठेवायची, की गाडी पुन्हा रुळावर. शेजारच्या टेबलावर बसून सर्व्हरचंच काम पाहणारी सहकारीण विचारी, "काका, लग्नाआधी स्वतःची एक प्रत काढली होतीत ना?" काका म्हणत, "काढली होती. तुझ्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात पुसली."

अलीकडे मात्र हसणं आटलं होतं. त्यांच्या थोरल्या भावाची स्मृती चालली होती. आधी तो केलेलं काम पुन्हा करायला जाई, आता सख्ख्या भावालाच "आपण कोण?" विचारी. तेव्हापासून काका स्वतःवर पाळत ठेवून होते. आपल्या हातून एकही फाइल बिघडलेली नाही, एवढाच काय तो आधार.

त्या सकाळी नवी डिस्क जोडायची होती. कुठली डिस्क कुठे जोडायची हे सांगणाऱ्या फाइलमध्ये काकांनी एक ओळ घातली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. ते मध्येच अडलं. खिडकीशी रिपोर्टसाठी थांबलेली माणसं कुरकुरू लागली. काकांनी दुरुस्तीच्या मोडमध्ये शिरून प्रत जागेवर ठेवली. मशीन पुन्हा तिथंच अडलं. प्रत उघडून पाहिली, तर तिच्यातही तीच चुकीची ओळ.

"असं कसं? प्रत काढल्याशिवाय मी..."

सहकारीण घुटमळली. "काढलीत ना. मग ओळ घातलीत. तेवढ्यात खिडकीवरून हाक आली. परत येऊन पुन्हा प्रत काढलीत. मला वाटलं, मुद्दामच असेल."

तारीख तीच, म्हणून नावही तेच. दुसऱ्या प्रतीनं पहिलीला गिळलं होतं. काकांना खिडकीवरची हाक आठवत होती. पहिली प्रत काही केल्या आठवेना.

ओळ खोडणं हा पोरखेळ होता, पण काकांनी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. तिनंच ती खोडली. रिपोर्ट निघू लागले. होतं असं कधीकधी, अशी तिनं समजूतही घातली.

"फाइली बदलायचे माझे अधिकार काढून टाक," काका म्हणाले. "आत्ताच."

"एवढ्यावरून?"

"उद्या विचारशील तर मी नको म्हणेन. भांडेनसुद्धा. त्याची कामं काढून घेतली, तेव्हा भाऊही भांडला होता."

तिनं मान खाली घालून ते केलं. काकांनी खातरजमा म्हणून फाइल उघडली आणि एक अक्षर टाइप करून पाहिलं. मशीननं ते साठवायला नकार दिला. घरी हे कुठल्या शब्दांत सांगायचं, ते त्यांना सुचत नव्हतं.