दंड माझा, पिपेट त्यांची

माझ्या दंडाला रबरी पट्टा बांधता बांधता सर वर्गाला म्हणाले, "इनका ब्लड लो. मेहनती लोग हैं, ख़ून की कमी नहीं."

वर्ग हसला. मीही हसले. त्या हसण्याचा आजही मला संताप येतो.

भोपाळमधलं कॉलेज, एम.एस्सी., इम्युनॉलॉजीचं प्रॅक्टिकल. रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या होत्या. त्यासाठी ताजं रक्त लागतं. आमच्याकडे रीत अशी, की दर वेळी एका विद्यार्थ्याने रक्त द्यायचं आणि सगळ्यांनी ते वाटून घ्यायचं. पाळीपाळीने. पण पाळी माझ्यावर आली आणि माझ्यावरच थांबली.

का थांबली, ते मला ठाऊक आहे. वर्गात बाकी सगळे हिंदीवाले. माझ्या आडनावावरून त्यांना काही कळत नव्हतं. सर मात्र मराठी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "मराठी का गं? कुठले तुम्ही?" घराबाहेर मराठी ऐकायला मिळालं म्हणून मी हुरळले. घडाघडा सगळं सांगून टाकलं. बाबा गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यात फिटर, घर कोटरा सुल्तानाबादला, मूळ नागपूरकडचे, दसऱ्याला सगळे दीक्षाभूमीवर जातो.

"असं, असं," सर म्हणाले. त्यानंतर जवळजवळ वर्षभर ते माझ्याशी मराठीत बोलले नाहीत.

शिकवायचे मात्र छान, खोटं कशाला बोलू. शरीर आपलं कोण आणि परकं कोण हे कसं ओळखतं, हा पहिला धडा त्यांनी इतका रंगवला होता की मी घरी जाऊन आईला सांगितला.

रक्त काढलं की सर म्हणायचे, "तुम बैठो, आराम करो." दारापाशी स्टूल होतं. मी कापूस दाबून तिथे बसायची. तिकडे माझंच रक्त पातळ करून, नळी तिरकी धरून, दाट द्रवावर पिपेटने थेंब थेंब सोडलं जायचं. हात जरा हलला की दोन्ही थर एक होतात. सगळं कौशल्य तिथेच. मग नळ्या सेंट्रीफ्यूजमध्ये फिरायच्या आणि मधोमध पांढरं कडं यायचं. माझ्या पेशी. सगळे आळीपाळीने मायक्रोस्कोपला डोळा लावायचे. मी उठले, की माझी पार्टनर नेहा म्हणायची, "तू रहने दे, चक्कर आ जाएगी." मला कधी चक्कर आली नव्हती.

अंतर्गत परीक्षेत पिपेट पहिल्यांदा माझ्या हातात आली. थेंबांऐवजी धारच सुटली. थर मिसळले, नळी तळापर्यंत लाल झाली. सरांनी ती उजेडात धरून सगळ्यांना दाखवली.

"देखा? ख़ून देने से साइंस नहीं आती."

मला खरंच येत नव्हतं. बेसिनपाशी जाऊन नळी धुतली आणि रडले.

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "डिग्री हातात पडू दे, पोरी. मग भांड." त्यांनीही कारखान्यात असंच निभावलं असणार. मी विचारलं नाही.

वार्षिक प्रॅक्टिकलला सर पट्टा घेऊन सरळ माझ्याकडे आले. मी बाही वर केली नाही.

"सर, आज माझं रक्त मिळणार नाही." मराठीत बोलले. मुद्दाम.

"क्या?"

"दुसऱ्या कोणाचं तरी घ्या. मला प्रॅक्टिकल करायचंय."

नेहा कुजबुजली, "प्लीज़ यार, एग्ज़ाम है." माझीही होती. सर मराठीत म्हणाले, "हे महागात पडेल." इतक्या दिवसांनी मराठीत बोलले, ते हे.

शेवटी रक्त एका मुलाने दिलं. त्याला कोणी दारापाशी बसवलं नाही. कापूस चिकटवून तो टेबलाशी उभा राहिला आणि त्याची नळी छान जमली. माझी पुन्हा बिघडली. वर्षभर न केलेली गोष्ट एका सकाळी कुठून येणार? मी नापास झाले. विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी पाणी विचारलं, ऐकून घेतलं, आणि "देखते हैं" म्हणाले. अजून बघताहेत.

पुरवणी परीक्षा येईल. परीक्षक तेच असतील. तोवर सरावाला लॅब मागणार आहे. नाही म्हणाले तर उद्या पुन्हा मागेन, परवाही. कदाचित परत नापास करतील, ते त्यांच्या हातात आहे. रक्त माझ्या हातात आहे. जिथे मला काम करू देणार नाहीत, तिथे त्यातला एक थेंबही देणार नाही.