धुराड्यांच्या गावचा महापौर

मोहोपाड्याहून निघताना बॅगेत तांदळाचं पीठ, मसाला आणि सुका जवळा (वाळवलेली बारीक कोळंबी) भरला, आणि मनात एकच गोष्ट होती: लेकीला, सुजाताला, परत घरी आणायचं. तिची आई गेल्यापासून घरात मी एकटा. तिच्यासाठी वर मजलाही चढवून ठेवलाय.

जर्मनीतलं तिचं शहर कारखान्यांचं. स्टेशनाबाहेर पडलो तर समोर धुराडी! म्हटलं, अरेच्चा, एवढं विमानात बसून आमच्या शेजारच्या, कारखान्यांच्या रसायनीलाच आलो की काय!

रविवारी आम्ही नदीवर गेलो. बरोबर नात मैत्री आणि शेजारच्या म्हाताऱ्या बाई. मैत्री त्यांना ओमा (आजी) म्हणते. मी भाकरी आणि जवळ्याची चटणी नेली होती. ओमांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी पुन्हा मागून घेतली. बाई मला आवडल्या.

तेवढ्यात मैत्री पाण्यात उतरली. मी ओरडलोच, "अगं ए, हात नको लावू! आधी बाहेर हो!" आणि बुटांसकट आत शिरून तिला उचलून आणलं. पोर रडायला लागली. सगळा काठ माझ्याकडे बघत होता. काय करणार, कारखान्याखालचं पाणी दिसलं की पोरांना मागे ओढायचं, ही आमची सवय.

"बाबा, इथे सगळेच पोहतात," सुजाता हळूच म्हणाली.

ओमा सांगत गेल्या, सुजाता मला मराठीत समजावत गेली. शंभरेक वर्षांपूर्वी इथे कारखाने भराभर वाढत होते. तेव्हाच्या महापौराने हा काठ कारखानदारांच्या हाती जाऊच दिला नाही, गावासाठी राखून ठेवला. आधी गटारं आणि नळ, मगच नवं धुराडं, असा त्याचा हट्ट. मालक चिडले, पण तो हटला नाही.

"माझी आजी गिरणीत कामाला होती," ओमा म्हणाल्या. "ती इथेच पोहायला शिकली."

मला आमच्याकडची नदी, पाताळगंगा आठवली. लहानपणी आम्ही तिच्यात डुंबायचो, चिंबोऱ्या (खेकडे) धरायचो. पुढे कारखान्यांचं सांडपाणी तिच्यात उतरलं. त्याच कारखान्यांमुळे आमच्या घरात पगार आला, सुजाता शिकली, हे मी विसरत नाही. पण त्या काठावर बसून मला माझी नदी हवीशी झाली, अगदी पोटातून.

निघायच्या आदल्या संध्याकाळी विषय काढलाच. "चल ना गं परत."

सुजाता काही बोलायच्या आत मैत्रीने विचारलं, "आजोबा, तुमच्या नदीत पोहता येतं?"

"नाही गं बाळा," म्हटलं. खोटं बोलवेना.

सुजाताने माझा हात धरला. "बाबा, तुम्हीच राहा ना इथे."

"नको गं. माझा जीव तिकडेच रमतो."

सुजाताने उठून ताटं वाढली.

मोहोपाड्याला रिक्षातून उतरलो तर शेजारचा बबन दारातच.

"जयभीम दादा! सुजाता कदी येतेय?"

"नाय येत रं ती."

"का? एवढं काय हाय तिकडं?"

"एक महापौर होता."

बबन हसायलाच लागला. "मेलेल्या महापौरापायी पोरगी येत नाय?"

"हसू नको रं," म्हटलं. "तसा नदी राखणारा एखादा आपल्याला वेळेवर भेटला असता, तर ती गेलीच नसती."