मागून प्यालेलं पाणी

"मावशी, तांब्याभर पाणी द्या की."

गावात गाडी थांबली की आमच्या मिस्त्रीचं पहिलं बोलणं हे. हत्यारांची पेटी नंतर उतरायची. बंद पडलेले हातपंप दुरुस्त करायला आम्ही जायचो, मी गाडीवर, तो पंपावर. गावाला पाणी नाही म्हणून आम्हाला बोलावलेलं, आणि हा तिथंच पाणी मागणार. बाया हसायच्या. "पाणी काडाया आलाय का प्यायला?"

"आदी प्यायला," तो म्हणायचा.

मागायचा तेही शेवटच्या घरात. सरपंचाचा चहा उकळून उकळून आटायचा.

दुधनीकडच्या एका गावात पंप बौद्धवस्तीत होता. एका म्हातारीनं तांब्या आणला. लांबच्या विहिरीवरून डोक्यावर आणलेलं पाणी. मिस्त्री प्याला. मला तिची कीव आली. घसा वाळला होता तरी म्हटलं, तहान नाही.

म्हातारीनं तांब्या मागं घेतला. "आमच्या हातचं नको आसंल," एवढं बोलून आत गेली.

मिस्त्रीनं मला गाडीमागं नेलं. मी म्हणालो, माझ्या मनात तसलं काही नव्हतं, बिचारीचं पाणी कशाला संपवायचं?

"तिला बिचारी म्हणणारा तू कोण रं? तिच्याकडं द्यायला पाणीच हाय. तेवढं बी घेतलं न्हाईस."

मी दारात गेलो. आई, चुकलो, पाणी द्या म्हणालो. तिनं बराच वेळ उन्हात उभं ठेवलं. मग अख्खा तांब्या पाजला, एक घोट उरू दिला नाही.

गेल्या वर्षी माझी बायको गेली. शेजाऱ्यांनी डबे आणले, मी सगळे परत पाठवले. कुणाची दया नको होती. चौथ्या दिवशी मिस्त्री आला, काठी टेकत. सांत्वन नाही की काही नाही. उंबऱ्यावर बसला. "पाणी दे."

हिचा तांब्या कुठं असतो तेही मला ठाऊक नव्हतं. शोधला, घासला, भरला. त्यानं सगळा रिकामा केला.

"तुजं मी घेतलं. आता शेजारणीचा डबा घे."

घेतला. जेवता जेवता लई रडलो.

या उन्हाळ्यात तोही गेला. शोकसभेत एक साहेब म्हणाले, यांनी गोरगरिबांना पाणी दिलं. मी उठलो. "साहेब, तो दारोदार पाणी मागत हिंडला. ते सांगा की." लोकांनी हात धरून खाली बसवलं. मी परत उठलो आणि तेच सांगितलं.

आता आमच्या घरचे म्हणतात, घरात नळ असून म्हातारा दारोदार पाणी मागतो, लाज आणतो. येऊ दे लाज. परवा वीटभट्टीवर गेलो. शेवटच्या झोपडीपुढं उभा राहिलो. बाई बाहेर आली. "बाबा, कुणाकडं आलाय?"

"तुमच्याकडंच," म्हटलं. "तांब्याभर पाणी द्या की."