वडिलांच्या चष्म्याची काच

भोर-वेल्ह्याच्या दुर्बीणवाल्या मंडळींनो, नसरापूरच्या वाचनालयाच्या फलकावर आज चंद्राचे दोन फोटो लावतोय. दुपारीच स्टुडिओतून मिळाले.

माझ्या घरगुती दुर्बिणीतून सबंध चंद्र फिल्मवर मावत नाही. तो लहान आणि उजळ यावा म्हणून कॅमेऱ्याच्या पुढे एक जादा भिंग बसवून पाहिलं. पहिला फोटो जुन्या बायनॉक्युलरच्या भिंगाचा. दुसरा दादांच्या काचेचा. दादा म्हणजे माझे वडील, गेल्या वर्षी गेले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना जाड चष्मा लागला होता, त्यातली ही काच.

बायनॉक्युलरचा चंद्र कडेपर्यंत स्वच्छ आहे. दादांचा कडेला विस्कटलाय. ती काच आपल्या कामाची नाही.

आईनं मात्र दुसराच फोटो बराच वेळ हातात धरला. "त्यास्नी असंच दिसायचं का रं?"

मग म्हणाली, "तुजं काम झालं आसंल तर काच चष्म्यात बसव. उद्या वर्सश्राद्ध हाय. त्येंच्या फोटूम्होरं ठिवायचाय."

दुर्बिणीच्या नळीत बसावी म्हणून मी ती काच कडेनं घासलीय. आईला सांगितलेलं नाही.

दुर्बिणीचं नंतर विचारा. आधी कुणीतरी सांगा, घासून लहान झालेली काच जुन्या फ्रेममध्ये कशी बसवतात?