उजव्या भिंगाचं कडं

नाटक मंडळी मोडल्यावर मी उत्तर स्वीडनच्या या जंगलगावात राहिलो, शिकारी टोळीचा रस्सा रांधू लागलो. आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. तोच नडला.

अल्गोट नेसस्ट्रमचा जन्म करवतींना धार लावण्यात गेला. दलदलीकाठची त्याच्या बापाची शिकारीची जागा चाळीस वर्षं त्याच्याकडे होती. मात्र दर ऑगस्टला टोळीसमोर धावत्या लाकडी एल्कवर, म्हणजे इथल्या थोरल्या सांबरावर, चार गोळ्या माराव्या लागतात. नेम चुकला, की जागा जाते.

त्या वर्षी त्याने बंदुकीवर मनगटाएवढी जाड दुर्बीण चढवून आणली.

"चंद्रावर एल्क चरतात काय रे, अल्गोट?" टोळीची म्होरकी गुन्वोर म्हणाली.

"तुझ्या सुरकुत्या मोजायच्यात, बाई."

सगळे हसले. मलाही चेव आला. मी त्याच्या गळ्यातली दुसरी, दोन डोळ्यांची दुर्बीण उचलून डोळ्यांना लावली. डावीकडे झाडं स्वच्छ, उजवीकडे नुसतं धुकं. नजरेप्रमाणे जुळवायचं उजव्या भिंगाचं कडं टोकापर्यंत फिरवलेलं होतं.

हात पसरून मी गरजलो, "ही दुर्बीण माणसाची की घुबडाची? उजव्या डोळ्याला पेन्शन लागली वाटतं!"

कुणीच हसलं नाही. त्याच डोळ्याने अल्गोट नेम धरायचा, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. डोळा मंदावत गेला, तसा तो मोठमोठी भिंगं घेत गेला. त्यांत एल्क मोठा दिसे आणि हाताची थरथरही.

"गेल्या साली हुकली म्हणालो, ती गोळी एल्कला लागली होती," तो खाली बघत म्हणाला. "जखमी जनावराचा माग काढायला कुत्रा मागवला नाही मी. लाज वाटली."

"यंदा जागा नाही," गुन्वोर म्हणाली. "पुढल्या साली डाव्या खांद्यावरून मार. नेमाला लाल ठिपका दाखवणारं साधं भिंग लाव, दोन्ही डोळे उघडे ठेव. मोठं काही घेऊ नकोस."

वर्षभर, दर रविवारी, त्याच्या सरावासाठी मी दोरीने लाकडी एल्क ओढत राहिलो. माफी मागायची असं रोज ठरवायचो. रंगमंचावर हजारदा मागितली होती, इथे एकदाही जमली नाही.

पुढल्या ऑगस्टमध्ये त्याच्या चारही गोळ्या लागल्या. जागा मात्र त्याने मागितली नाही.

"माग काढणाऱ्या कुत्र्याची दोरी द्या माझ्याकडे," तो म्हणाला.

टाळीसाठी उचललेले हात मी खाली घेतले. त्याने आपली दुर्बीण माझ्यापुढे धरली. "बघ की, घुबडा."

कडं न फिरवता, त्याच्या डोळ्याला लावलेलं तसंच ठेवून, मी बघितलं.